दोन तास जायला, दोन तास यायला: इंटर्नशिप घेऊ की सोडू?

पत्र थोडं कापून देतेय, बाकी शब्द तिचेच:

"ताई, मी शेवटच्या वर्षाला आहे. शहरात ८ आठवड्यांची इंटर्नशिप मिळालीये, सोमवार ते शुक्रवार, ९.३० ते ६. घराजवळून बस, मग ट्रेन, मग मेट्रो, मग थोडं चालत. ॲप म्हणतं १ तास ५५ मिनिटं. सकाळी बस दर २० मिनिटांनी आहे, ट्रेन दर अर्ध्या तासाने, मेट्रो सतत असते. संध्याकाळी स्टेशनवरून ७.३५ ची बस आहे, त्यानंतर एकदम ८.२० ची, मग ९.०५ ची शेवटची. आई म्हणते एवढं फिरून आजारी पडशील, रूम बघ. बाबा म्हणतात दोन महिन्यांसाठी रूम कशाला. मला वाटतं ट्रेनमध्ये बसून प्रोजेक्टचं काम पण होऊन जाईल. किती वाजता निघू, प्लॅन कसा करू, आणि लेट झालं तर ऑफिसात काय सांगू? – चार तासवाली"

अगं चार तासवाली, आधी अभिनंदन, आणि घे इंटर्नशिप. ८ आठवडे रोज चार तास म्हणजे १६० तास होतात, हा आकडा मोठा आहे हे मान्य, पण त्याला शेवट आहे, तारीख माहितीये. नोकरीसाठी वर्षानुवर्षं असं करणार असतीस तर मी वेगळं बोलले असते.

आता ते १ तास ५५. हा आकडा डोक्यातून काढून टाक, कारण तो खोटा नसला तरी तुझ्या कामाचा नाहीये. ॲप काय करतं, तर बसचं टाइमटेबल, ट्रेनचं टाइमटेबल, मेट्रोचं टाइमटेबल एकमेकांना शिवतं आणि सगळं वेळेवर आलं तर किती लागेल ते सांगतं. ही सगळी टाइमटेबलं एकाच साच्यात लिहायची पद्धत २००५ मध्ये अमेरिकेत पोर्टलंड शहराच्या ट्रायमेट नावाच्या वाहतूक संस्थेने आणि गुगलने मिळून सुरू केली, आणि आज जगभरातल्या कितीतरी बस-ट्रेनवाल्यांचा डेटा त्याच साच्यात येतो, म्हणून तुला एका स्क्रीनवर तीन गाड्या दिसतात. पण मूळ साचा टाइमटेबलचा आहे. गाडी आत्ता कुठे आहे हे सांगणारी लाइव्ह माहिती वेगळी येते आणि ती प्रत्येक ठिकाणी येतेच असं नाही. तर पहिलं काम, तुझ्या बसची वेळ ॲपमध्ये लाइव्ह दिसते की नुसती छापील वेळ दिसते हे बघून घे, बहुतेक ॲपमध्ये लाइव्हला वेगळा रंग किंवा छोटीशी खूण असते. छापील असेल तर तिला अंदाज समजायचं.

आणि जरा गणित कर माझ्यासोबत. समज तुझी प्रत्येक गाडी दहातले नऊ दिवस व्यवस्थित येते, म्हणजे चांगलीच म्हणायची ना? पण तुला तीन गाड्या लागतात, आणि तिन्ही एकाच दिवशी व्यवस्थित यायला पाहिजेत. ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, होतात ०.७२९. म्हणजे महिन्याच्या २२ दिवसांतले साधारण ६ दिवस काही ना काही बिनसणार, आणि त्यात कोणाची चूक पण नसणार. म्हणून मी कोणालाही सांगते की प्रवास किती मिनिटांचा हे नंतर बघ, आधी कुठली गाडी चुकली तर किती महागात पडते ते बघ.

तुझ्या केसमध्ये मेट्रो चुकली तर पाच मिनिटं जातात, जाऊ देत. बस चुकली तर २० मिनिटं. ट्रेन चुकली तर अर्धा तास. म्हणजे तुझी सगळी सकाळ त्या ट्रेनवर अडकलीये आणि हाताशी जो काही जास्तीचा वेळ ठेवायचा तो सगळा ट्रेनच्या आधी ठेवायचा. लोक काय करतात, पाच मिनिटं इथं, पाच मिनिटं तिथं, असा थोडा थोडा वेळ सगळीकडे वाटून टाकतात आणि मग तो कुठेच पुरत नाही. मेट्रोसाठी लवकर पोचून काय करणार, ती तर येतच असते.

तू दिलेल्या वेळांवरून (त्या वर कापलेल्या भागात होत्या) बघितलं तर ७.५५ ची ट्रेन ५५ मिनिटांत ८.५० ला शहरात सोडते, पुढे गाडी बदलणं, मेट्रो आणि चालणं धरून २५ मिनिटं, म्हणजे सव्वानऊला तू ऑफिसच्या दारात. छान आहे. ॲप तुला ७.२० च्या बसने जा म्हणणार, जी ७.४५ ला स्टेशनला पोचते आणि हातात १० मिनिटं ठेवते, कागदावर. ती बस सिग्नलला, गर्दीला, कोणाच्या तरी सुट्ट्या पैशांच्या भांडणात १२ मिनिटं लेट झाली की ट्रेन गेली, पुढची ८.२५ ची, ऑफिसात पावणेदहा. म्हणून तू ७ ची बस धर. स्टेशनवर अर्धा तास बसावं लागेल, कंटाळा येईल, पण पुस्तक काढ, प्रोजेक्टचं काहीतरी वाच, तो वेळ स्टेशनवर गेला तरी चालेल. आणि पहिले तीन-चार दिवस तर सरळ एक ट्रेन आधीची, ७.२५ ची धर, त्यासाठी ६.४० ची बस लागेल. नवीन ठिकाणी पहिल्या आठवड्यात तू पावणेनऊलाच हजर होतीस हे लोक लक्षात ठेवतात, नंतर एखाद दिवस उशीर झाला तर कोणी भुवया उंचावत नाही.

अजून एक. बाबांना रूमचा खर्च नकोय ना, मग सकाळी स्टेशनला सोडायचं काम त्यांच्याकडे दे. मी चेष्टा करत नाहीये. बस काढून टाकली की तीन गाड्यांच्या दोन होतात, आणि वरचं गणित ०.७२९ वरून ०.८१ वर जातं, शिवाय झोप अर्धा तास वाढते. बाबांना जमत नसेल तर सायकल बघ, स्टेशनवर सायकल लावायला बरी जागा असेल तर. घरापासून स्टेशनपर्यंतचा तुकडा आपल्या हातात असला की अर्धी कटकट तिथेच मिटते.

बसबद्दल एवढी नाराज का मी, तर त्याला कारण आहे. एक बस जरा लेट झाली की पुढच्या स्टॉपवर जास्त लोक जमलेले असतात, त्यांना चढायला वेळ लागतो, ती अजून लेट होते, आणि तिच्या मागच्या बसला माणसंच कमी मिळतात म्हणून ती भराभर येऊन तिला गाठते. मग तुला अर्धा तास एकही बस नाही आणि नंतर दोन एकदम. नेवेल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी हे १९६४ मध्येच गणिताने मांडून ठेवलंय, ड्रायव्हर मुद्दाम करतो असं काही नसतं. याचा उपयोग काय, तर दोन बस लागोपाठ दिसल्या आणि पहिली गच्च भरलेली असली तर दुसरीत चढ, ती बहुतेक रिकामी असते आणि दोघी जवळपास एकाच वेळी पोचतात.

आता संध्याकाळ. मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी इथे वाटली, आणि तू फक्त सकाळबद्दल विचारलंयस. सगळे सकाळचंच बघतात कारण लेटमार्क सकाळी लागतो. पण संध्याकाळी गाड्यांचा क्रम उलटा होतो, सगळ्यात दुर्मिळ गाडी सगळ्यात शेवटी येते. तू ६.०५ ला ऑफिसातून निघालीस तर साडेसहाला फलाटावर, ६.३५ ची ट्रेन, साडेसातला उतरलीस, ७.३५ ची बस, आठला घरी. आता समज निघता निघता कोणीतरी म्हणालं जरा हे बघून जा, आणि तू ६.१५ ला निघालीस. ट्रेन ७.०५ ची, उतरलीस ८ ला, बस ८.२० ची, घरी पावणेनऊ. ऑफिसात १० मिनिटं, घरी ४५. हे तुझ्या टीममधल्या कोणाच्याही डोक्यात येणार नाही कारण त्यांच्यासाठी १० मिनिटं म्हणजे १० मिनिटंच असतात, म्हणून हे त्यांना सांगावं लागतं, त्यावर शेवटी येते.

म्हणून परतीचा प्लॅन मागून पुढे करायचा. आधी बस ठरव, मग ती बस मिळवून देणारी ट्रेन, मग ती ट्रेन मिळायला ऑफिसातून किती वाजता उठायचं ते. तुझं उत्तर आहे ६.०५, तर ५.५० चा अलार्म लाव आणि आवराआवर सुरू कर. आणि शेवटची बस ९.०५ ची म्हणतेस ना, तर तुझ्या हिशोबात शेवटची बस ८.२० चीच. ९.०५ ची कधी धरायचीच नाही असं नाही, पण तिच्या भरवशावर काही ठरवायचं नाही, कारण ती चुकली तर पुढे काहीच नाही. ती चुकली तर घरी कोणाला फोन करायचा, कोण घ्यायला येणार, हे आजच ठरवून ठेव. रात्री नऊला मोबाईलची बॅटरी ४ टक्के असताना ठरवायची गोष्ट नाहीये ही.

ट्रायल घ्यायलाच पाहिजे, आणि ती रविवारी नाही. रविवारी गाड्या वेगळ्या, गर्दी वेगळी, त्याच्यावरून काहीच कळत नाही. कामाच्या दिवशी, त्याच वेळेला जा आणि संध्याकाळी त्याच वेळेला परत ये, मधला वेळ शहरात कुठेतरी लायब्ररीत काढ. ट्रायलमध्ये घड्याळ तर बघच पण बारीक गोष्टी बघ, ट्रेनमधून उतरून मेट्रोपर्यंत गर्दीत चालायला खरंच किती लागतं (ॲप रिकाम्या रस्त्याने चालवतं तुला), पाऊस असेल तर कुठे भिजायला होतं, टॉयलेट कुठल्या स्टेशनवर बरं आहे, ट्रेनचा कुठला डबा जिन्यासमोर थांबतो. डब्याचं एक सांगते, जिन्यासमोरच्या डब्यात सगळेच हुशार लोक चढतात त्यामुळे तिथे जागा मिळत नाही. सकाळी तुला उतरून पळायची घाई नाहीये कारण मेट्रो सतत आहे, मग लांबचा रिकामा डबा पकड आणि बसून जा. परत येताना बसला पाचच मिनिटं आहेत तेव्हा जिन्याजवळचा डबा, उभं राहावं लागलं तरी.

आणि ट्रायलच्या आधी नकाशात अजून एक बघ, मेट्रो न घेता ट्रेन स्टेशनवरून थेट ऑफिसकडे जाणारी बस आहे का. दहा मिनिटं जास्त लागली तरी चालेल. वाट बघण्याची मिनिटं माणसाला गाडीत बसलेल्या मिनिटांपेक्षा लांब वाटतात, वाहतुकीचं प्लॅनिंग करणारे लोक तर ती साधारण दीड ते अडीच पट धरूनच हिशोब करतात, आणि गाडी बदलायचा त्रास त्यावर वेगळा. त्यामुळे कागदावर जास्त वेळाचा पण बदलाबदली नसलेला रस्ता पायांना बरा वाटतो. निदान मेट्रो बंद पडली त्या दिवसासाठी तरी तो पाठ असू दे.

आता आईचं म्हणणं. आई अर्धी बरोबर आहे. तू ७ ला बाहेर, ८ ला घरी, झाले १३ तास. नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे १८ ते २५ वयाला ७ ते ९ तास झोप लागते, मधला ८ धर, झाले २१. उरले ३ तास, त्यात आंघोळ, जेवण, घरच्यांशी बोलणं, फोन, कपडे, सगळं. बसतं, पण काठोकाठ. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की गावं असोत की शहरं, पायी असो की गाडीने, माणसं सरासरी दिवसाला तासभरच प्रवासात घालवतात. तू त्याच्या चौपट करणार आहेस. आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबतच्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदला दिवस कसा गेला ते तुकड्या तुकड्याने विचारलं, त्यात कशात किती बरं वाटलं या यादीत सकाळचा कामावर जायचा प्रवास सगळ्यात खालच्या नंबरावर आला. हे घाबरवायला नाही सांगत, तिसऱ्या आठवड्यात तुला रडू आलं तर मी आळशी आहे का, बाकीच्यांना जमतं मला का नाही, असलं काही डोक्यात आणू नकोस म्हणून सांगतेय.

ट्रेनमध्ये प्रोजेक्ट होईल हे मात्र मला फारसं पटलेलं नाही. जागा मिळाली तर सकाळचे ५५ मिनिटं चांगले आहेत, आठवड्याचे साडेचार तास होतात, त्यातले तीन खरे धर. संध्याकाळचे धरूच नकोस, त्या वेळी डोकं चालत नाही आणि गर्दीत लॅपटॉप उघडता पण येत नाही. लॅपटॉप लागणारं काम घरी शनिवारी कर आणि ट्रेनसाठी वाचायचं, मार्क करायचं, आराखडा काढायचं असलं काम ठेव, जे फोनवर किंवा कागदावर होतं. बसमध्ये वाचू नकोस, मळमळ होते, कारण डोळे म्हणतात पान स्थिर आहे आणि कानाच्या आतला भाग म्हणतो आपण हलतोय, दोघांचं पटत नाही. बसमध्ये पुढे बस, बाहेर बघ, काही ऐकायचं तर ऐक.

झोप काढायची तर सकाळी काढ, आणि २० मिनिटांचा अलार्म लावून, त्यापेक्षा जास्त झालं तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि ऑफिसात पोचेपर्यंत डोकं जड राहतं. संध्याकाळी सातला ट्रेनमध्ये तासभर झोपलीस तर रात्री १० ला झोप येणार नाही, सकाळी उठवणार नाही, आणि मग त्या ट्रेनमध्येच झोपायची सवय लागते.

रूमचं काय? आत्ता घेऊ नकोस. पूर्ण आठ आठवड्यांची रूम आणि रोजचा पूर्ण प्रवास, या दोनच गोष्टी आहेत असं आईबाबा दोघंही धरून चाललेत, पण मधला रस्ता आहे ना. आठवड्याला १० फेऱ्या होतात तुझ्या. मंगळवारी रात्री आणि गुरुवारी रात्री शहरात कुठे राहायची सोय झाली, कोणी आत्या, मावशी, मैत्रीण, तर ४ फेऱ्या कमी होऊन ६ उरतात. मैत्रिणीकडे राहणार असशील तर फुकट राहू नकोस, काहीतरी वाटा उचल, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तुलाच संकोच वाटायला लागेल. असं कोणीच नसेल तर दोन आठवडे पूर्ण प्रवास करून बघ, आणि दोन गोष्टी लिहून ठेव, रोज किती तास झोपलीस आणि घरी खरंच किती वाजता पोचलीस. झोप सतत ६ च्या खाली जात असेल किंवा आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा नऊ वाजत असतील तर उरलेल्या सहा आठवड्यांसाठी रूम बघायची, हे आत्ताच आईबाबांसमोर ठरवून टाक. मग तेव्हा भांडण होणार नाही, आकडे समोर असतील.

पास लगेच काढू नकोस. पासची किंमत भागिले एका दिवसाचं जाण्यायेण्याचं भाडं, जे उत्तर येईल तेवढे दिवस तू खरंच जाणार असशील तरच तो परवडतो. ऑफिसने आठवड्यातून एक दिवस घरून काम दिलं किंवा दोन रात्री तिकडे राहिलीस तर गणित बदलतं. विद्यार्थ्यांची सवलत मिळते का ते मात्र आजच विचार, कॉलेजच्या सही-शिक्क्याला वेळ लागतो.

बॅगेत पॉवर बँक, पाणी, छत्री, एक जास्तीचा टॉप. ऑफिसचे बूट ऑफिसातच ठेव आणि प्रवासाला जुने बूट घाल, गर्दीत पायावर पाय पडतातच.

आता ऑफिसात काय सांगू. लेट झाल्यावर नाही सांगायचं, रुजू व्हायच्या आधी सांगायचं, आणि रडगाणं नाही, सरळ वेळा. लेट झाल्यावर सांगितलेलं कारण सबब वाटतं, तेच आठवडाभर आधी सांगितलं की नियोजन वाटतं. इंटर्न असल्यामुळे विचारायला घाबरशील, पण वेळ अर्धा तास सरकवणं ही फार साधी मागणी आहे, नाही म्हणाले तरी काही बिघडत नाही. तुझ्या केसमध्ये ९ ते ५.३० मागून बघ. सकाळी एक ट्रेन आधीची, ७.२५ ची, ती घेतेस तर तू तशीही पावणेनऊला पोचतेस, आणि संध्याकाळी ५.३५ ला निघालीस तर ६.०५ ची ट्रेन मिळते, सातला स्टेशनवर, ७.३५ च्या बसला हातात ३५ मिनिटं. घरी आठलाच पोचशील, तेवढ्यावर जाऊ नकोस, आज जी बस पाच मिनिटांवर टांगलेली आहे ती पक्की होते, आणि मध्ये एखादी बस लवकरची असली तर फायदाच. फक्त सकाळी ६.४० ची बस रोज झेपणार का हे ट्रायलच्या दिवशी बघून मग माग.

असा मेसेज टाक, हवा तसा बदल:

"नमस्कार सर/मॅडम, मी सोमवारपासून रुजू होतेय. मी रोज बाहेरगावाहून बस, ट्रेन आणि मेट्रोने येणार आहे. शक्य असेल तर माझी वेळ ९ ते ५.३० ठेवता येईल का? जमत नसेल तर ९.३० ते ६ ला मी येईनच, फक्त संध्याकाळी ६.०५ ला निघाले नाही तर माझी पुढची बस ४५ मिनिटांनी असते, त्यामुळे उशिरापर्यंतचं काम असेल तर दुपारपर्यंत कळवलंत तर मी तशी सोय करून ठेवीन. सकाळी ट्रेन लेट असेल तर मी ट्रेनमधूनच मेसेज करेन, पोचायच्या अंदाजे वेळेसकट."

शेवटचं वाक्य लिहिलंस की पाळायचं पण. आणि नंबर कोणाचा, मेसेज कुठे टाकायचा, ग्रुपवर की पर्सनल, हे पहिल्याच दिवशी विचारून घे. त्या ट्रेनला मध्ये कुठे रेंज जाते ते पण ट्रायलच्या दिवशी बघून ठेव, मेसेज त्याच्या आधी गेला पाहिजे.